उकिरड्यातलं पान

पत्र वणी तालुक्यातल्या एका गावाहून आलंय. चार फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव छापू नका असं बजावलंय, ते पाळते. मजकूर थोडक्यात असा:

"बाई, सलाम. आमचे हे कोळसा खदानीत कंत्राटदाराच्या डंपरवर आहेत. पोरगी बारावी सायन्सला होती, आता निकालाची वाट पाहून राहिलो. ती सहावीत असताना यांनीच तिले ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगातून एक गोटा आणून दिला होता. पाटीसारखा काळपट, त्याच्यावर अख्खं पान उमटलेलं, शिरांसगट. तिनं तो पुस्तकाच्या पेटीत जपून ठेवला. फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या मंडळीत तीन दिवस सभा झाल्या. बाहेरून संदेशक आले होते. ते बोलले, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, असे गोटे नोहाच्या पुरातले, अन् जो कोटी वर्षं म्हणते तो पवित्र शास्त्राले खोटं पाडते. पोरीनं उभं राहून विचारलं, मंग पानाच्या वर एवढे थर एका वर्षात कसे बसले? लोकं हसले. घरी येऊन यांनी गोटा उकिरड्यावर फेकला. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. ती उपासनेला येत नाही. तिले जिऑलॉजी घ्यायची आहे. हे म्हणतात, देव सोडायचं शिक्षण मी काहून देऊ? तुम्ही शाळेत सायन्स शिकवलं अन् चर्चमध्येही जाता. मले एवढंच सांगा, पोरगी पाप करून राहिली का?"

ताई, सलाम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर सगळं वाचून होईपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागेल. नाही. पोरगी पाप करत नाहीये. तीन दिवसांच्या सभेत उठून असा नेमका प्रश्न विचारणारी मुलगी मन लावून ऐकत होती, एवढं नक्की. आमच्याकडे मागच्या बाकांवरचे निम्मे तोवर पेंगलेले असतात. मी पुढं, मंडळीकडं तोंड करून बसते, मला दिसतं.

आता त्या गोट्याकडे येऊ. मी तो पाहिलेला नाही. पण वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या आसपास पानाचा ठसा सापडला की बहुतेकदा तो ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचा असतो. पान जिभेसारखं लांबट, मधोमध ठळक शीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. तुमच्या लेकीचं पान असंच असेल, तर ते साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचं आहे. हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या खडकातही सापडलंय. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती थंडीनं आणि उपासमारीनं मेले. त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते. मरायला टेकलेल्या माणसांनी शेवटपर्यंत टाकले नाहीत ते दगड, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस निघालं. हे सगळे भूखंड एके काळी एकमेकांना जोडलेले होते, याच्या पुराव्यांतला हा एक. त्या जोडलेल्या भूमीला भूगर्भशास्त्रात जगभर जे नाव आहे ते आपल्या गोंडांवरून पडलेलं, गोंडवाना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यापीठाचंही तेच नाव. तुमच्या उकिरड्यावर सध्या काय पडलंय, ते एवढ्यासाठी सांगितलं.

या मातीतले असे ठसे सगळ्यात आधी ज्यांनी मन लावून गोळा केले, त्यांचं नाव तुमच्या यजमानांना ऐकून माहीत असेल, कारण नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी, 1845 साली नागपुरात आले. शाळा काढली, सुवार्ता सांगितली, गोंडांची गाणी उतरवून घेतली, आणि उरलेल्या वेळात खडक फोडले. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले त्यांना मिळाले, त्यांचं वर्णन त्यांनी 1860 साली छापलं. कामठी-सिलेवाड्याच्या दगडखाणीतले पानांचे ठसे त्यांनी इंग्लंडला पाठवले. त्यांच्या नावाचं एक खनिजही आहे, हिस्लोपाइट. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडून वारले.

हा माणूस रविवारी बायबल उघडायचा आणि सोमवारी हातोडी उचलायचा. त्यातलं एक करताना दुसरं लपवायची पाळी त्याच्यावर आली नाही, कारण त्याच्या चर्चमध्येच तशी सक्ती नव्हती. फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, थॉमस चाल्मर्स यांनी तरुणपणीच, 1804 च्या सुमारास, सांगून ठेवलं होतं की बायबलमधल्या मोशेच्या लिखाणानं पृथ्वीचं वय ठरत नाही. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा अजून पन्नासहून जास्त वर्षं होती. म्हणजे "विज्ञानाला घाबरून चर्चनं माघार घेतली" हेही खरं नाही.

मग हे सहा हजार आले कुठून? बायबलमध्ये कुठल्याही वचनात हा आकडा नाही. आयर्लंडचे एक आर्चबिशप होते, जेम्स अशर. त्यांनी वंशावळीतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज करून 1650 साली जाहीर केलं की सृष्टी ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये निर्माण झाली. मोठे विद्वान होते, त्या काळाच्या साधनांनी त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. पुढं इंग्रजी बायबल छापणाऱ्यांनी तो आकडा समासात छापायला घेतला, आणि समासातलं कधी वचनात शिरलं ते लोकांना कळलंच नाही. खडकांचे सगळे थर नोहाच्या एकाच पुरात बसले, हा आग्रह आज ज्या रूपात आपल्या सभांमध्ये ऐकू येतो तो तर विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेला. आपल्या आजे-पणज्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पुष्कळ मिशनऱ्यांना तो ऐकूनही माहीत नसेल.

याउलट पाहा. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना म्हटलं की ते सहा दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे समजता येत नाहीत. आणि त्यांनी ख्रिस्ती लोकांना चांगलं झापलंही होतं. आकाश, तारे, प्राणी, दगड यांबद्दल बाहेरच्या माणसाला पक्की माहिती असते. अशा माणसासमोर पवित्र शास्त्राचं नाव घेऊन आपण काहीबाही बोललो तर तो हसणारच, आणि मग मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल तरी आपलं काय म्हणून ऐकेल? तुमच्या सभेतली गंमत अशी की हसली आपलीच माणसं, आणि ज्या पोरीला माहिती होती तिलाच हसली.

तुम्हीच एकदा उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाचा. सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशावरून मोजली? लगेच दुसरा अध्याय वाचा. पहिल्यात झाडं, मग प्राणी, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग प्राणी. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी-शेजारी ठेवले त्यांना ही गोष्ट दिसली नसेल का? दिसली, आणि तशीच ठेवली. त्यांना पंचनामा लिहायचा नव्हता. आजूबाजूची राष्ट्रं सूर्याला, चंद्राला, नदीला देव मानत होती. हा अध्याय सांगतो की हे सगळं एकाच देवाच्या हातचं आहे, आणि चांगलं आहे. सूर्य-चंद्राचं तर नावही घेत नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणून पुढं जातो. किती वर्षं लागली, हा प्रश्न त्या पानावर नाहीच.

वर्षांचा प्रश्न दगडाला विचारायचा असतो. आमचं माहेर दारव्ह्याकडचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी वावरात विहीर खणायला घेतली. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय हलेना. तो फोडून खाली गेले तर विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाण. तुमच्याकडे पश्चिमेच्या गावांत ज्यांनी विहिरी खणल्या त्यांना विचारा, हेच सांगतील. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. लाल पट्टा म्हणजे त्या लाव्हाचा वरचा भाग ऊन-पावसानं झिजून झालेली माती. कातळाची अशी माती व्हायला किती पावसाळे लागतात ते शेतकऱ्याला मी काय सांगू? ती माती झाली, त्यावर पुन्हा लाव्हा आला, थंड झाला, पुन्हा झिजला. काही ठिकाणी मधल्या काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी जगल्या आणि मेल्या. हिस्लॉपना टाकळीत सापडल्या त्या याच. एका वर्षाच्या पुरात हे बसत नाही, ताई. खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून या लाव्हाचं वय सुमारे 6.6 कोटी वर्षं निघतं. पण तो आकडा नसता, तरी विहिरीच्या कडेला उभं राहून "सहा हजार पुरत नाहीत" एवढं सांगता आलं असतं. बाबा जेवणाआधी प्रार्थना केल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. विहिरीला पाणी लागलं तेव्हा आमच्या पाळकांना बोलावून त्यांनी उपकारस्तुती केली. लाल पट्ट्यानं त्यांचं काही बिघडलं नाही.

उत्क्रांतीचं नाव काढलं की आपल्याकडे लोक माकडावर घसरतात. मी वर्गात बोंडअळीपासून सुरुवात करायचे. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. अळी मरायची, फवारे वाचले. आणि 2017 ला विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. डोमकळ्या, किडकी बोंडं, कवडीसारखी सरकी. झालं असं की लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच पिल्लावळ वाढते. म्हणून तर 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बी यायचं, बांधाच्या कडेनं लावायला, म्हणजे विष न खाल्लेल्या अळ्याही जगतील आणि दोघींची सरमिसळ होत राहील. आपण ते पाकीट फेकून दिलं. वर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही जुनीच कपाशी उभी ठेवली, अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळालं. निवड कशी होते ते देवाच्या सृष्टीनं आपल्याच वावरात शिकवलं, फी मात्र जबर घेतली. सभेतले संदेशक म्हणतील, अळीची अळीच राहिली ना? बरोबर, एवढ्या वर्षांत एवढंच होणार. पुढची मोठी गोष्ट जीवाश्मांवर आणि पेशीतल्या डीएनएवर उभी आहे, ती तुमची लेक शिकेल. मानवी जनुकांचा नकाशा वाचण्याचा जागतिक प्रकल्प 2003 साली पूर्ण झाला. त्याचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हे उघडपणे प्रभूला मानणारे आहेत आणि उत्क्रांती ही देवाची रीत आहे असं म्हणतात. माझंही तेच मत आहे, लपवत नाही.

बियाण्याच्या पाकिटावर "संकरित" छापलेलं असतं, त्यामागचा अनुवंशाचा नियम वाटाण्याची रोपं मोजून शोधणारे मेंडेल मठातले धर्मगुरू होते. विश्व पसरत आहे हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथोलिक फादर होते. 1951 मध्ये खुद्द पोपनी त्या सिद्धांताकडे उत्पत्तीच्या पुराव्यासारखं बोट दाखवलं, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. विज्ञानाच्या खुंटीवर श्रद्धा टांगू नका, उद्या खुंटी बदलली तर काय कराल, असा त्यांचा रोख होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली उत्क्रांती ही नुसती कल्पना राहिलेली नाही असं मान्य केलं. आपण प्रोटेस्टंट लोक पोपचं ऐकत नाही म्हणा, पण चांगलं बोलला तर ऐकायला काय हरकत आहे? आणि चर्चनं 1633 साली गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, तेही पोरीला सांगा. लपवलं तर बाहेरचं कोणी सांगेल, आणि मग आपल्या बाकीच्या गोष्टींवरचा तिचा विश्वास जाईल.

सगळं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आदामाच्या पापामुळं मरण आलं असं प्रेषित पौल लिहितो. मग त्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते ते कसं? कुणी म्हणतं ते आत्मिक मरण. कुणी म्हणतं माणसाचं मरण, प्राण्यांचं नव्हे. मला पहिलं जास्त पटतं, पण रात्री कधी कधी दोन्ही अपुरी वाटतात. आणि सहा दिवस शब्दशः मानणारी, प्रेमळ, प्रार्थनेत माझ्यापेक्षा पुढं असलेली माणसं माझ्याच बाकावर बसतात. तुमच्या लेकीनं त्यांना हसू नये. हे मी अनुभवानं सांगते. नोकरीच्या सुरुवातीला वर्गातल्या एका मुलानं "बाई, सहा दिवसांतच झालं" असं म्हटलं आणि मी चारचौघांत त्याची खिल्ली उडवली. वर्ग हसला. त्या मुलानं पुढं दहावीपर्यंत माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला तोच आठवत होता.

आता ज्या वचनावर सभेत चकार शब्द निघाला नसेल ते सांगते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. राखणीसाठी मूळ इब्री शब्द आहे शमर. भावाचा खून केलेल्या काइनाला देव विचारतो तुझा भाऊ कुठं आहे, आणि तो उलटून म्हणतो मी काय भावाचा राखणदार आहे? तिथं हाच शब्द. 121 व्या स्तोत्रात इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही, तिथंही हाच. आपल्याकडे याला जागल म्हणतात. रोही आणि डुकरं येतात म्हणून हरभऱ्यात मचाणावर रात्र काढणाऱ्याला हे स्तोत्र पाळकापेक्षा जास्त कळतं. दोन तास पृथ्वीच्या वयावर बोलणाऱ्यांनी वर्धा नदीच्या पाण्यावर दोन मिनिटं तरी बोलायला हवं होतं. खदानीलगतच्या कपाशीवर बसणाऱ्या काळ्या धुळीवर, हापशाच्या खाली गेलेल्या पाण्यावर. बाग कधी लावली याचा वाद घालत बसलो आणि जागलीला कोणी गेलंच नाही, अशी आपली गत. जमिनीखालचं पाणी कुठं आहे, किती उरलंय, खदानीचा खड्डा कसा बुजवावा, हे सांगणारी विद्या म्हणजेच जिऑलॉजी. देव सोडायचं शिक्षण? मला तर ते त्याच दुसऱ्या अध्यायाचं वाटतं.

तुमच्या यजमानांशी मात्र यातलं काहीही बोलू नका. अशर नाही, ऑगस्टीन नाही. मला वाटतं, त्यांनी गोटा फेकला तो उत्पत्तीसाठी नव्हेच. भरल्या मंडळीत त्यांच्या पोरीला लोक हसले आणि त्यांना काही बोलता आलं नाही. हसणाऱ्यांना फेकता येत नव्हतं, गोटा हाताशी होता. शिवाय तो त्यांनीच आणलेला. दिवसभर धुळीत डंपर चालवणारा बाप एका दगडासाठी गाडी थांबवतो, खाली उतरतो, सहावीतल्या पोरीसाठी तो खिशात घालून आणतो, त्या बापाला पोरगी नागपूरला जाऊन आपल्यापासून तुटेल याची भीती वाटते. त्याचं उत्तर वर्षांच्या आकड्यात नाही.

पाळकसाहेबांना मात्र भेटा, आणि एकट्याच भेटा. वय-बिय काढू नका. एवढंच सांगा की प्रश्न विचारल्यावर मंडळी माझ्या लेकीला हसली आणि ती तेव्हापासून आली नाही. ही त्यांची जबाबदारी आहे, बाहेरून आलेल्या संदेशकाची नाही. आणि तिला उपासनेला ओढून नेऊ नका. येईल तेव्हा येईल.

शिक्षणाचं म्हणाल तर हे हवेतलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) मुख्यालय नागपुरात आहे, भूजल सर्वेक्षणाची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पदवीला जिऑलॉजी अमरावती किंवा नागपूरला मिळेल. निकालानंतर प्रवेशाच्या तारखा झटपट सरकतात, तेवढं बघा.

आणि तो गोटा. उकिरड्याला तुम्ही कमी लेखू नका. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडतात, तसं त्यांचं दगड झालेलं शेणही सापडतं. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणातले कण तपासून 2005 साली दाखवलं की डायनासोरांच्या काळात गवतं होती. त्याआधी बहुतेक जण समजत होते की गवत नंतर आलं. पण तुमचा गोटा शेल जातीचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या थराथराच्या दगडाचा असणार, तो भिजला-वाळला की पापुद्रे सुटून भुगा होतो. खत वावरात टाकायच्या आधी आणि पहिल्या पावसाच्या आत तो काढा. नेमका कुठं पडला ते फेकणाऱ्यालाच माहीत, म्हणून यांनाच म्हणा काढून द्या. मिळाला की धुऊ नका, सावलीत वाळवा, कोरड्या ब्रशनं माती झाडा, जुन्या पेपरात गुंडाळा. सोबत एक चिठ्ठी हवी: कुठली खदान, कितवी बेंच (खदानीची पायरी), कोळशाच्या वर होता की खाली, साधारण कुठलं वर्ष. चिठ्ठीशिवाय असा दगड अभ्यासाला फारसा उपयोगाचा राहत नाही. ती माहिती ना मला आहे, ना पोरीला, ना संदेशकांना. ती फक्त तिच्या बापाला आहे. कागद-पेन घेऊन पोरीलाच त्यांच्यासमोर बसवा.